लपलेली शेपटी

लातूरच्या माझ्या माशांच्या दुकानात काचेवर शेवाळ आणि बाकड्यावर किस्से, दोन्ही आपोआप साचतेत. शेवाळ मी रविवारी खरवडतो. किस्से खरवडायला जावं, तर आणखी दोन चिकटतेत!

कारण रविवारीच आमची बैठक असते. एक मी. दुसऱ्या कुलकर्णी मॅडम. त्या नांदेडला कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतात, पण सुट्टीला लातूरला आल्या की घरच्यांच्या आधी माझ्या टाक्या बघणार. आणि तिसरे देवणीचे बापू. उभा जन्म देवणी बैलांत गेलेला माणूस. पोरांनी शेती हातात घेतली आणि बापूंना गोल्डफिशचा नाद लागला. तसे हसायचेच किस्से हायत सगळे. फक्त एकदा बापूंच्या लेकीपायी आमची हसायची हिंमत झाली नव्हती. ते शेवटी सांगतो.

*

निलंग्याचे एक ढेरपोटे गुरुजी बलून मॉली घेऊन गेले. फुगलेल्या पोटाचा, गोल गरगरीत मासा. थोड्याच दिवसांत त्यांचा फोन.

"ओ, ही बाळंत कधी होणार? घरचे सगळे वाट बघायलेत. बायकोनं पिल्लांसाठी वेगळी बरणी घासून ठेवलीय!"

"गुरुजी, तो नर हाय."

गुरुजींना पटेना. शेवटी मॅडमनी फोन घेतला. या जातीचा कणाच जन्मतः आखूड, त्यामुळं आत सगळं दाटीवाटीनं बसतं आणि पोट पुढं येतं, असं नीट समजावलं.

"म्हणजे ते पोट खाऊन खाऊन सुटलेलं न्हाई?"

"नाही हो. रक्तातच आहे ते."

"मॅडम, थांबा. फोन स्पीकरवर टाकतो. एवढंच जरा पुन्हा म्हणा, बायको इथंच हाय!"

*

आमच्या गल्लीतल्या डोळ्याच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी टाकी मागितली. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी हौसेनं टेलिस्कोप गोल्डफिश दिले. लिंबाएवढे डोळे बाहेर आलेले मासे! चार दिवसांत टाकी परत.

झालं काय, तर खेड्यातून आलेले एक म्हातारबाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बसले होते. बराच वेळ माशांकडं बघितलं आणि पिशवी उचलून निघाले. कंपाउंडर मागं धावला.

"बाबा, कुठं चाललाव? तुमचाच नंबर हाय."

"आधी यांचं निस्तरा," बाबा म्हणाले. "मग मी येतो."

*

बापू पहिल्यांदा दुकानात आले तो दिवस मी विसरणार न्हाई. रांचू जातीच्या गोल्डफिशच्या टाकीपुढं वाकले. प्रदर्शनात बैल बघावा तसं कपाळ बघितलं, चाल बघितली, मग पाठीवर नजर गेली आणि कपाळाला आठ्या.

"याचं वशिंड कुठाय?"

"बापू, मासा हाय तो."

"मासा हाय म्हणून काय झालं? बाकीच्यांच्या पाठीवर काहीतरी उभं हाय की!"

मॅडम एकदम खूश. "बरोबर बघितलंत. याला पाठीवरचा परच नसतो. माणसानं पिढ्यान् पिढ्या बिनपराचे निवडले आणि ही जात झाली."

"आमच्या प्रदर्शनात याला गेटवरनंच हाकलला असता!" बापू म्हणाले. आणि जोडी घेऊन गेले.

*

मग बापूंनी पैदास सुरू केली. माझ्याकडून दुहेरी शेपटीची एक देखणी मादी नेली. नर मात्र घरचाच साधा, एका शेपटीचा, पण अंगानं दांडगा. पिल्लं झाली आणि बापू पहिल्या एसटीनं दुकानात हजर.

"सगळी एका शेपटीची! तू मला खोटा माल दिलास!"

मी शपथा घ्यायला लागलो. मॅडमनी हात वर केला.

"बापू, नर कसा निवडला?"

"आम्ही वळू बघतो. गाय कोण बघतंय?"

"इथंच चुकलात. निम्मं मादीकडूनही येतं. दुसरी शेपटी गेली नाही, लपलीय. ती दोन्हीकडून आली तरच दिसते. आता या पिल्लांचीच आपसांत जोडी लावा."

बापू उठून उभेच राहिले. "भावाबहिणीचं लगीन? मॅडम, शिकल्यासवरल्या बाई तुम्ही!"

"माशांना आडनाव नसतं हो बापू!"

कुरकुर करत बापूंनी जोडी लावली. पुढच्या पिल्लांत मोजकीच निघाली, पण निघाली दोन शेपट्यांची! बापू गावभर सांगत फिरले, "आजीवर गेली! आजीवर गेली!" मी म्हटलं, बापू, आता पेढे वाटा. ते म्हणाले, "थांब, लेक बाळंतपणाला आलीय. एकदमच वाटतो."

*

लेकीला मुलगी झाली. देवणीला बारसं. हदगावहून सासरची मंडळी जीप भरून आली. मी आणि मॅडमही होतो.

विहीणबाईंनी पाळण्यात वाकून बघितलं. "पोरगी गोड हाय. पण हे घारे डोळे कुणाचे म्हणायचे?"

"माझ्या आईचे घारे होते," बापू म्हणाले.

"तरीच! तुमच्याकडचंच हाय म्हणा." डाळीत खडा लागावा तसं तोंड केलं बाईंनी. पाळण्याशी बसलेल्या बापूंच्या लेकीनं, सुनीतानं, मान खाली घातली.

लेकीची खाली गेलेली मान बापूंना बघवेना. ते तावातावानं पुढं झाले. "विहीणबाई, एका बाजूनं येतच न्हाई ते! दोन्हीकडं लपलेलं लागतंय. माझ्या माशांत मी बघितलंय!"

"आमच्यात? आमच्या सात पिढ्यांत कुणाचे घारे न्हाईत!"

बापूंचं खरं आणि विहीणबाईंचंही खरं, मग पोरगी कुणाची? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. जावई पंख्याकडं बघायले. सुनीताच्या डोळ्यांतून टपटप पाणी. मॅडम माझ्या कानात कुजबुजल्या, "अहो, डोळ्यांचं इतकं सरळ नसतं! बापूंना आवरा!" आवरणार कसं? बोलून तर झालं होतं.

आपण काय बोलून बसलो ते बापूंच्या ध्यानात आलं. तोंड उतरलं. त्यांनी पाळण्याची दोरी धरली.

मग हळूच म्हणाले, "विहीणबाई, त्या सात पिढ्यांत लेकी मोजल्या का?"

"लेकी कशाला मोजायच्या? त्या दुसऱ्याच्या घरी दिलेल्या!"

कोपऱ्यात भिंतीला टेकून व्याह्यांची सख्खी आत्या बसली होती. मुखेडला दिलेली. जीपच्या प्रवासानं दमून, पदर नाकापर्यंत ओढून डुलक्या घेत होती. तिनं पदर मागं सारला.

"आण गं ती पोरगी इकडं," म्हातारी विहीणबाईंना म्हणाली. "तिला जरा माझे डोळे बघू दे."