ऐन कापणीतले पाहुणे

माझा नवरा विलास जगाला गहू विकतो. आमचा नव्हे, कॅनडातल्या सगळ्या मॅनिटोबा प्रांताचा. मिसिसागातली इंजिनियरची नोकरी सोडून त्याने विनिपेगच्या पश्चिमेला शेत घेतलं, ते मी एकवेळ सोसलं. पण मग तो गहू उत्पादकांच्या मंडळावर निवडून आला आणि घरात मला सवत आली.

हे मंडळ शेतकऱ्यांच्याच वर्गणीवर चालतं. गहू विकला की टनामागे थोडे पैसे परस्पर कापून घेतात. त्यातून परदेशी गिरणीवाल्यांना बोलावतात, आपल्या गव्हाचा पाव खाऊ घालतात, रेल्वेच्या वाघिणी वेळेवर मिळाव्यात म्हणून ओटावात सरकारच्या मागे भुणभुण लावतात. नको असेल त्याने वर्गणी परत मागावी, अशीही सोय आहे. आमचा शेजारी मायरॉन ती दरवर्षी मागतो आणि सभेत सगळ्यांत मोठ्या आवाजात विचारतो, "तुम्ही लोक करता तरी काय?" वर जेवण दोनदा वाढून घेतो. विलास त्याला हसतमुखाने समजावत बसतो. माझं डोकं फिरतं.

गेल्या सप्टेंबरात गहू पिकून उभा होता आणि दोन दिवसांत पाऊस सांगितला होता. मायरॉनचं कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, पहाटेपासून घरघरत होतं. आमचं शेडमध्ये, कारण साहेब पाहुणे घेऊन विनिपेगला. मी फोन केला.

"विलास, मी कंबाइन चालवू की दाणे वाहायचा ट्रक? मला हात दोनच आहेत!"

"अगं, बायर्स आहेत, त्यांना मध्येच ड्रॉप करता येत नाही. उद्या आपल्याच फार्मवर आणतोय त्यांना. कंबाइन चालवून दाखवू ना!"

घरच्या गव्हाचं काय व्हायचं ते होवो, याच्या लष्कराच्या भाकऱ्या चालूच.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. एकेक जण कंबाइनवर चढून फोटो काढायला लागला. पश्चिमेला आभाळ काळं होत होतं आणि विलास त्यांना ओंबी चोळून दाणे दाखवत होता. एका गिरणीवाल्याने मला विचारलं, पाऊस आला तर काय होतं? मी म्हटलं, "ओंबीतच मोड येतात. मग त्याचा पाव धड होत नाही आणि तुम्ही तो घेत नाही. आता कृपा करून खाली उतरा." ते उतरले, पण उशीर झाला होता. चार दिवस पाऊस पडला. आमचा निम्मा गहू गुरांच्या चाऱ्यात गेला. जगाला गहू विकणाऱ्याचा गहू!

मायरॉनचा कोरडा गहू याच पाहुण्यांनी घेतला. तो स्वतः सांगायला आला, भाव छान मिळाला म्हणून. वर्गणी त्याने याही वर्षी परत मागितली. विलास म्हणाला, "गुड फॉर यू, मायरॉन," आणि मनापासून म्हणाला. मला रडू आलं, रागाने.

हिवाळ्यात सभा झाली. विलासची मुदत संपली होती आणि पुन्हा उभं राहायला तो खुर्चीवर चुळबुळत होता. एका शेताला एकच जागा मिळते. हा माणूस कापणीला घरी हवा, तर ती जागा कुणीतरी अडवायला हवी होती. तो उठायच्या आत मी उठले. "आमच्या शेताकडून मी."

सगळ्यांत आधी हात वर केला मायरॉनने. त्याला गंमत वाटत होती. बाकीचेही हात वर झाले.

विलास कानात कुजबुजला, "अगं, मग हार्वेस्टला मी कंबाइनवर, तू मीटिंगला, आणि ट्रक कोण चालवणार?"

मी मोठ्याने, सगळ्यांना समजेल अशा इंग्रजीत सांगितलं, "ट्रक मायरॉन चालवेल. वर्गणी परत नेलीये ना, मग थोडा घाम इथे ठेवून जाऊ दे."

सभागृह हसलं. मायरॉनने भरलेलं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "किती वाजता येऊ?"