निडीच्या बांधावरचं सलाड

तर काल आपण हाशिमभाईंना बांधावर उकिडवे बसवून ठेवलं होतं, ते अजून तिथंच आहेत. समोर करवतीसारख्या कडांच्या पानांचं एक रोप, आणि डोक्याशी उभ्या श्यामला मॅडम. पेणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. दुपारच्या गाडीनं रानभाज्यांच्या प्रदर्शनाला रोपं न्यायची, म्हणून निडी गावात आलेल्या. हातातल्या चिठ्ठीवर नावही लिहून तयार: पाथरी.

"ही पाथरी नाय," हाशिमभाई म्हणाले, नि लगेच पस्तावले.

कारण मॅडम विचारणार, तुम्हाला कसं कळलं? गावाच्या लेखी हाशिमभाई बावीस वर्षं आखातात, दोह्याच्या बड्या हॉटेलात मॅनेजर होते. ती थाप एकदाच तोंडून गेली, पुढं गावानंच सांभाळली. खरं काय ते एकट्या नूरबानोला, त्यांच्या बायकोला, ठाऊक.

"मॅनेजरसायेब आता झाडांची पन हजेरी घेनार!" शेजारचा गुणाजी खो खो हसला.

हसू दे. पण चुकीची चिठ्ठी चार लोकांत जावी, हे हाशिमभाईंना बघवेना. त्यांनी पान खुडलं. पांढरं दूध आलं.

"दूध पाथरीलाही येतं," मॅडम म्हणाल्या. "पिवळी फुलंही येतात."

"व्हय. म्हनून फुलातला बी बघायचा."

वाळलेलं फूल त्यांनी तळहातावर अलगद चोळलं. बारीक बी, तिच्या टोकाला केसाएवढा दांडा, दांड्यावर पांढरी छत्री. चार पावलांवर खरी पाथरी जमिनीला चिकटून पसरली होती. तिचंही फूल चोळलं. छत्री थेट बीच्या डोक्यावर, दांडा नाहीच!

मॅडमनी भिंग लावलं. कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"अहो, हे तर रानटी लेट्यूस! आपल्या सलाडच्या पानांचं भावंड. कुठं शिकलात हे?"

"हाटेलाच्या गच्चीवर सलाडचे वाफे व्हते. फुलावर गेलेली रोपं कुनी बघत नसे. मी बघायचो."

मॅडमनी जुनी चिठ्ठी फाडली, नवी घेतली. "ओळखणाऱ्याचं नाव घालते. हाशिमभाई, निडी. खाली काय लिहू, हॉटेल मॅनेजर?"

गुणाजी हसायचा थांबून ऐकत होता. हाशिमभाईंनी बोटांवरचं चिकट दूध लुंगीला पुसलं.

"नाय मॅडम, सलाड कापनारा लिवा. मॅनेजरनं कधी त्याचा बी बघितला नाय."