लीलाताईंच्या पियानोजवळ

बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे लोक पेटी ठेवून जातात आणि जाता जाता एखादी गोष्टही सोडून जातात. पेटी परत नेतात, गोष्ट राहते! नगरच्या माझ्या दुकानात अशा गोष्टींचा नुसता ढीग झालाय. बहुतेक ऐकीव. पण लीलाताईंच्या गोष्टी, एखादी सोडली तर, माझ्या स्वतःच्या, डोळ्यांदेखत नाही तरी कानांदेखत घडलेल्या.

लीलाताई मूळच्या कोल्हारच्या. वडील नगरला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. घरात सकाळी बुद्धवंदना, आणि संध्याकाळी ही पोरगी तिथल्या परदेशी नर्सबाईंकडे पियानो शिकायला. पुढं मुंबईत वीसेक वर्षं मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवलं, आणि नव्वद सालच्या सुमारास परत नगरला आल्या. त्यांच्या पियानोच्या तारा मी जुळवायचो. कार्यक्रमात डावीकडं खुर्ची टाकून नोटेशनची पानंही मीच उलटायचो.

नाशिकच्या एका बंगल्यातला जुना पियानो ताईंनी घेतला, तेव्हाचं सांगतो. टेम्पो शेवगावच्या बबनचा. कोल्हारच्या पुलाअलीकडं आम्ही चहाला थांबलो. इंजिन बंद. अन् मागून एक सूर आला. थोड्या वेळानं दुसरा.

बबनचा कप हातातच राहिला. "ताई, आत कोन बसलंय का?"

कोण बसणार? पियानो गोधड्यांत गुंडाळलेला, झाकणाला कुलूप, किल्ली ताईंच्या पर्समध्ये. मी म्हटलं, "उन्हानं तापल्या की तारा बोलतात कधीकधी."

ताई शांतपणे म्हणाल्या, "बोलतात हो. पण सुरात?"

नगर येईपर्यंत बबननं मागं वळून पाहिलं नाही!

याच बबनची मुलगी सुनंदा. दर रविवारी शेवगावहून एसटीनं ताईंकडे शिकायला यायची. घरी सरावाला पियानो कुठला? मग बबननं एक लांब फळी आणली, मी तिच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवून दिल्या. पोरगी रोज दुपारी तासभर फळीवर बोटं चालवायची.

महिन्याभरात शेजारीण बबनच्या दारात. "पोरगी लई ग्वाड वाजवती. पन दुपारचं जरा हळू. आमचं म्हातारं झोपलेलं असतं."

"अवो वैनी, फळी हाय ती!"

"आसंल. मंग फळी हळू वाजवा!"

राजूरला मात्र मी स्वतः हजर होतो. शाळेचा समारंभ, अंगणात मांडव, बबनच्या टेम्पोतून पियानो वर डोंगरात नेलेला. ताईंनी स्वतः रचलेली एक धून वाजवायला घेतली. आदल्या दिवशीच पुरी झालेली. मीसुद्धा ऐकली नव्हती.

पहिल्या रांगेत एक आजी गुणगुणत होत्या. लोक गुणगुणतात, त्यात काय! पण या आजी पियानोच्या मागून नव्हत्या, पुढं होत्या. आधी आजी, मग पियानो. ताईंचा हात एकदा अडखळला, तेव्हा आजी तिथंच थांबून राहिल्या.

संपल्यावर ताई उतरून त्यांच्याजवळ गेल्या. "आजी, ही चाल कुठं ऐकली?"

"कुठं म्हंजी? तूच तं वाजीवली, मागल्या बाजारच्या दिशी."

"मी राजूरला आजच पहिल्यांदा आले."

आजींनी त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. "व्हय का? मंग तवा तुझं क्यास पांढरं कशानं हुतं?"

त्यानंतर वर्ष-दीड वर्षात ताईंच्या उजव्या हातातली ताकद गेली. एका सकाळी सरावाला बसल्या आणि बोटं उठेचनात. डॉक्टरांनी शीर दाबली गेल्याचं निदान केलं. गोळ्या झाल्या, शेक झाले. हात मांडीवर नुसता पडून असायचा. ताई कधी रडल्या नाहीत. फक्त बांगडी काढून ठेवली.

पुण्याच्या डॉक्टरांना दाखवून एसटीनं परत येत होतो. भरदुपार. ताईंना डुलकी लागली. अन् मी पाहिलं, उजव्या हाताची पाचही बोटं पर्सवर चालत होती! भरभर, स्वच्छ. मी त्यांना हाक मारली. जाग आली आणि हात थांबला.

मी सांगितलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं तो हात पर्सवरून उचलून मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "उठवायला नको होतं तुम्ही."

अजून लागतं ते मला.

पण बाई हटणारी नव्हती. एकट्या डाव्या हातानं वाजवायच्या रचना असतात, त्या त्यांनी मिळवल्या. आठ महिने घासल्या. आणि नगरच्या एका हॉलमध्ये सकाळचा कार्यक्रम ठेवला. "जमलं तर वाजवीन, नाही जमलं तर शिकवणीपुरती उरले," असं मला म्हणाल्या.

मी नेहमीसारखा डावीकडं. ताईंचा उजवा हात मांडीवर, पदराखाली. तासभर वाजवलं. शेवटी लोक उभे राहिले. सुनंदा तर ढसाढसा रडत होती.

गर्दी ओसरल्यावर एक अंध गृहस्थ काठी टेकत पुढं आले. संगीताचे निवृत्त मास्तर होते. ताईंच्या हाताचं त्यांना कुणी काही सांगितलेलं नसावं.

हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचा डावा हात ऐकतच राहावा असा आहे. पण उजवीकडच्या बाई तुमच्यापेक्षा वयानं मोठ्या असाव्यात. वरच्या पट्ट्यांकडं सरकताना दम लागतो त्यांना."

मी ताई बसल्या होत्या त्या बाकाच्या उजव्या टोकाकडं पाहिलं. हातभर जागा मोकळी होती. ताई एरवी नेहमी मधोमध बसत.

ताई हसल्या नाहीत की दचकल्या नाहीत. मास्तरांना नमस्कार करून म्हणाल्या, "सांगते त्यांना. लोकांपुढं यायला लाजतात हो त्या."