डुलकीची दाद

गुरुदत्तअण्णांची मान हलली की गवयाचं नशीब उघडलं, असं आमच्या हॉलमध्ये म्हणतात. ‘आमच्या’ म्हणायला मी कोण? पुण्याहून येऊन कोरमंगलात पीजीत राहणारी, दिवसभर लॅपटॉप बडवणारी. पण शहराच्या मधोमध असलेल्या या हॉलवर मी पहिल्याच रविवारी हक्क सांगून टाकला. इथे आज कर्नाटक संगीत, उद्या कन्नड नाटक. नवख्या गायकाला इथे टाळी मिळाली की शहर त्याला ओळखायला लागतं.

अण्णा राजाजीनगरचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झालेल्या मराठी घरातले. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली म्हणून मी बसले. गाण्यातल्या जाणत्यांचा मला मनापासून वैताग आहे. शेजारी बसून ते राग ओळखत राहतात. अण्णा मात्र चकार शब्द काढत नाहीत, म्हणून आमचं जमलं.

यंदा हॉलच्या वाढदिवशी ‘आदर्श रसिक’ म्हणून अण्णांचा सत्कार करायचं ठरलं. चिटणीस बिंदुमाधव यांनी तसं जाहीर केलं, आणि मध्यंतरात अण्णा कॉफी हातात तशीच धरून माझ्याकडे आले.

“कस्तुरी, मोठा घोटाळा झालाय. मला गाण्यातलं काही कळत नाही.”

“असं सगळेच थोर लोक म्हणतात.”

“थोर कुठला? मी झोपायचो गं इथं! रात्रपाळी करून आलेलो असायचो. रविवारी सत्यवती ओढून आणायची, तिला गाण्याचं वेड. दिवे मंद झाले की मला डुलक्या. लोकांना वाटायचं, दाद देतोय.”

मला हसू आवरेना. अण्णा हसत नव्हते.

“मी जागं राहावं म्हणून ती बिचारी माझ्या हातावर ताल धरायची. तरी झोपायचोच. घरी जाताना विचारायचो, कसं झालं? ती म्हणायची, छान झालं, पुढच्या रविवारी येऊ.”

सत्यवतीकाकू जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून अण्णांना धड झोप नाही, घरीही नाही आणि हॉलमध्येही नाही. टक्क जागे बसतात. त्यावर लोकांचं म्हणणं असं की अण्णा हल्ली अंतर्मुख झालेत.

“सत्काराची शाल तिची आहे,” अण्णा म्हणाले. “खरी रसिक ती होती, एवढं सगळ्यांसमोर सांगू दे. नाहीतर तिचं चोरून घेतल्यासारखं होईल. पण तिला कुठलं गाणं आवडायचं, तेही मला ठाऊक नाही.”

म्हणून आम्ही काकूंच्या धाकट्या बहिणीकडे, सोयराबाईंकडे निघालो. रिक्षात मी म्हटलं, “ताल कसा धरायच्या ते दाखवा तरी.” त्यांनी माझ्या हातावर दाखवला. मी लहानपणी गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेत, पण मला ना सम सापडली ना खाली. नुसती संथ, सारखी थाप. दुसऱ्या गाण्याला कसा? तसाच. संथ गाण्याला, जलद गाण्याला? सगळ्यांना तसाच. मी बुचकळ्यात पडले. असेल काहीतरी कर्नाटकी, असं म्हणून सोडून दिलं.

सोयराबाईंनी प्रश्न ऐकला आणि पदराने तोंड झाकून हसायलाच लागल्या.

“अय्यो भावजी! अक्काला गाणं? तिला स्वल्पसुद्धा कळत नव्हतं. तुमच्या घराखाली पिठाची गिरणी, रविवारी तर दिवसभर धडधड. तुम्हाला झोप कुठली? अक्का म्हणायची, हॉलमध्ये थंड हवा आहे, गादीच्या खुर्च्या आहेत, दोन तास तरी डोळा लागेल. झोपायला चला म्हटलं तर तुम्ही येणार होता काय?”

“पण ती हातावर ताल...”

“ताल कसला, भावजी! थोपटायची ती तुम्हाला.”

अण्णा स्वतःच्या हाताकडे पाहत बसले. परतताना एकदाच बोलले. “मी तिच्यासाठी जात होतो. ती माझ्यासाठी. मग गाणं कुणासाठी चाललं होतं?”

सत्कार थाटात झाला. डोक्यावर म्हैसुरी पेटा, अंगावर शाल, हातात फळांची करंडी. माइकसमोर अण्णा म्हणाले, “मी इथं झोपायला यायचो. माझी बायको मला झोपवायची. तिला गाणं आवडायचं का, हे मला माहीत नाही.” हॉल हसला, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. “केवढा हा विनय!” बिंदुमाधव म्हणाले. माणूस जीव तोडून खरं सांगतोय आणि हे टाळ्या पिटतायत. माझं डोकंच फिरलं.

गाणं सुरू झालं. पेटा घालूनच अण्णा माझ्या शेजारी बसले होते. थोड्या वेळाने कुजबुजले, “मी झोपलो की ती काय करत असेल गं? गाणं कळत नाही, बोलायला कुणी नाही. केवढी कंटाळली असेल.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि थोपटायला लागले. संथ, सारखं. हळूहळू त्यांचे खांदे सैलावले, मान खाली आली. गायिकेने मंचावरून ते पाहिलं आणि गाता गाता हात जोडले. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, “पाहिलंस? अण्णा खूश आहेत.”

हात काढला तर ते जागे होतील, म्हणून मला हलता येईना. फोन पर्समध्येच राहिला. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, तेव्हा मी ऐकत राहिले. राग कुठला ते कळेना, शब्दही कळेनात, आणि तरी हे संपू नये असं वाटायला लागलं.

टाळ्यांनी अण्णा दचकून जागे झाले. पेटा सावरत त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

“कसं झालं?”

“छान झालं,” मी म्हटलं. “पुढच्या रविवारी येऊ.”