हातांवर बसणाऱ्या बाई

"तुमची मुलगी नेमकं करते काय?" असं कुणी विचारलं की बाईंच्या आईची पंचाईत व्हायची. मुलगी मानसशास्त्र शिकली, पण दवाखाना नाही. संगणकाच्या विभागात बसते, पण संगणक दुरुस्त करत नाही. शेवटी आईनं आपल्यापुरतं एक उत्तर बसवून टाकलं होतं. "लोक बटणं दाबतात ना, ते ती बघते."

"आणि त्याचा पगार देतात?" शेजारीण डोळे मोठे करायची.

"देतात बाई! अगदी एक तारखेला."

आईचं उत्तर ऐकून बाई हसायच्या, पण त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही. तीस वर्षांत त्यांनी जे जे लिहिलं, छापलं, परिषदांमधून वाचलं, त्याचा अर्क काढला तर तो एवढाच निघाला असता. माणसाचं मन एका बाजूला, यंत्राचा पडदा दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या वीतभर जागेत जे काही घडतं किंवा फसतं, ते बाई बघायच्या.

सुरुवात झाली ती एका मोठ्या कचेरीत. टंकलेखनाची यंत्रं जाऊन तिथे नुकतेच संगणक आले होते आणि टाइपिस्ट बायकांचं काम दुप्पट वेळ खात होतं. "तुम्ही मानसशास्त्रवाल्या ना? जरा यांची भीती घालवा," असं सांगून साहेबांनी बाईंना एका स्टुलावर बसवलं. शेजारी कचेरीतली सगळ्यांत जुनी टाइपिस्ट. बावीस वर्षं न बघता टाइप करणारी, गप्पा मारता मारता पानं संपवणारी. तिसऱ्या दिवशी तिचं बोट भलत्याच बटणाकडे निघालेलं दिसलं आणि बाई ओरडल्या, "अहो, ते नको!" सकाळपासूनचं काम वाचलं. संध्याकाळी बाईंनी हे कौतुकानं आपल्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. सर खुश होतील असं वाटलं होतं, पण त्यांनी कपाळाला हात लावला.

"मदत केलीस की माहिती मेली. उद्या तू तिथे नसताना ती काय करणार, ते आता तुला कसं कळायचं?"

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसल्या. बोट पुन्हा तिकडेच गेलं. काम ठेवायचं बटण आणि पुसायचं बटण शेजारी शेजारी, आणि दोन्हींपैकी कुठलंही दाबलं तरी पडद्यावर अक्षरं उमटायची ती एकच: "काम पूर्ण". सगळं पुसलं गेलं. टाइपिस्ट हलकेच म्हणाली, "माझंच डोकं चालत नाही हल्ली." मग पदराला डोळे पुसत पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली. बाईही स्वच्छतागृहात जाऊन रडून आल्या आणि येऊन ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. त्या अहवालानंतर दोन बटणांची ताटातूट झाली. साहेबांना बायकांची भीती घालवायची गरज पुन्हा पडली नाही.

त्यानंतर तिकिटांची यंत्रं आली, लिफ्टच्या बटणांच्या पाट्या आल्या, इस्पितळात सलाइनचा वेग ठरवणारे पंप आले. विद्यापीठात बाईंना एक लांबट खोली मिळाली. तिच्यात दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, हातांवर रोखलेला एक कॅमेरा. कुणी प्रयोगाला आलं की बाई आधी सांगायच्या, "इथे परीक्षा यंत्राची आहे, तुमची नाही. फक्त मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा." तरी माणसं माफी मागायचीच. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तिकिटाच्या यंत्राची पंधरा मिनिटांत चार वेळा माफी मागितली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवणारा माणूस! "माझंच चुकत असेल" हे वाक्य माणसं कधी म्हणतात, कुणासमोर म्हणतात आणि ते म्हटल्यावर खरी चूक शोधायची कशी सोडून देतात, यावर बाईंनी पुढची वीस वर्षं काढली. त्याच विषयानं त्यांना नाव मिळवून दिलं.

हातांवर बसायची सवय मात्र सुटली नाही. "बाई हातांवर बसल्या म्हणजे समोरचा अडकलाय," असं विद्यार्थी आपापसांत म्हणायचे. बाईंचे यजमान गणिताचे शिक्षक. ते पाहुण्यांना सांगायचे, "मी चहात मीठ घातलं तरी ही गप्प बसून बघेल. वर विचारेल, मीठ टाकताना तुमच्या मनात काय होतं?"

असा हा बाईंचा लौकिक. पण तो सगळा घराबाहेरचा.

बाईंचे वडील घड्याळजी. पंच्याहत्तरीपर्यंत दुकान चालवलं, मग शटर ओढलं, पण दुकानावरच्या दोन खोल्या सोडल्या नाहीत. आई गेल्यावरही तिथेच एकटे राहिले. खिडकीशी त्यांचं कामाचं टेबल तसंच होतं. जुनी गिऱ्हाइकं अजून एखादं घड्याळ घेऊन जिना चढायची. ब्याऐंशीव्या वर्षी हृदयाचं दुखणं निघालं आणि रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. सकाळी आठ, रात्री आठ. चुकवायची नाही आणि दोनदाही घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

म्हणून बाईंनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं मिळून एक यंत्र आणलं. थाळीएवढं गोल, आत कप्पे. वेळ झाली की वाजायचं, एक कप्पा तोंडाशी यायचा, यंत्र उपडं केलं की गोळी तळहातावर. दहा मिनिटांत उपडं केलं नाही तर कप्पा बंद, आणि धाकट्याच्या फोनवर लाल खूण: "गोळी घेतली नाही." धाकट्यानं यंत्राची वेळ लावून दिली. वापरायला शिकवायचं काम बाईंकडे आलं, आणि तिथे त्यांना काय झालं कोण जाणे. जन्मात कुणाचा हात न धरणाऱ्या बाईंनी वडिलांचं मनगट धरलं. "असं नाही हो बाबा! थांबा, मी दाखवते." एकदा नाही, तीन संध्याकाळी.

"बरं," बाबा म्हणाले. "तू म्हणशील तसं, चिमे."

पन्नास दिवस सगळं सुरळीत चाललं. मग लाल खुणा यायला लागल्या. सकाळी एक, रात्री एक. धाकटा रोज फोन करायचा, "बाबा, गोळी घेतलीत?"

"घेतली की."

"यंत्र म्हणतंय नाही घेतली."

"घेतली रे बाबा."

नवव्या दिवशी, शुक्रवारी, धाकट्यानं खुणांच्या सगळ्या यादीचा फोटो बाईंना पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "ताई, अठरा झाल्या. ओळीनं अठरा. आणि विचारलं की घेतली म्हणतात. न घेतलेली गोळी त्यांना घेतल्याची आठवते, मला त्याचीच धडकी भरते. त्या वृद्धनिवासात एक खोली रिकामी झालीय. तिथे नर्स हातावर गोळी ठेवते, गिळेपर्यंत समोर उभी राहते. सोमवारी हो-नाही कळवायचंय."

"ते जिना उतरून कुठे राहायला जातील, वाटतं तुला?"

"मला त्यांना जिन्यावरून उचलून आणायचं नाहीये, ताई!" धाकट्याचा आवाज चिरकला. "तू या विषयातली. तूच सांग, अठरा म्हणजे काय?"

बाईंनी फोटो पुन्हा बघितला. अठरा लाल ठिपके. "म्हणजे विसरतायत," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी जाते. मीच सांगते त्यांना."

शनिवारी साडेसातला बाई जिना चढल्या. बाबांनी दाढी केलेली, सदरा घातलेला. "एवढ्या सकाळी? कॉलेजला सुट्टी वाटतं!" म्हणत त्यांनी चहाचं आधण ठेवलं. बाईंनी कप हातात घेतला, पण बोलायला सुरुवात कुठून करावी ते सुचेना. इकडचं तिकडचं बोलत पंधरा मिनिटं गेली. एवढ्यात कपाटावरचं यंत्र वाजायला लागलं.

बाई अर्ध्या उठल्या. घ्यावं, उपडं करावं, गोळी हातावर ठेवावी, एक दिवस तरी लाल खूण टळेल. पण मग सरांचे ते शब्द आठवले. आपण दोन महिन्यांत एकदाही नुसतं बसून बघितलं नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. त्या परत खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले.

बाबा उठले. "हो हो, ऐकलं," असं यंत्राला म्हणाले, बटण दाबून आवाज बंद केला आणि परत येऊन चहा पिऊ लागले.

एक मिनिट गेलं. तीन गेली. बाबांचा चहा संपला, त्यांनी कप विसळला, पुसला, पालथा घातला. बाईंच्या ओठांवर आलं होतं, "बाबा, गोळी!" त्यांनी ते गिळलं. शेवटी प्रयोगाच्या खोलीतलंच वाक्य बाहेर पडलं. "बाबा, आत्ता तुमच्या मनात काय चाललंय, ते मोठ्यानं सांगता?"

"काय चालायचंय? आठ वाजायची वाट बघतोय."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग मनगटाकडे. सात वाजून बावन्न मिनिटं.

"पण ते तर मघाशीच वाजलं."

"ते पुढं आहे ना. बारा मिनिटं. रोज बारा सेकंद पळतंय ते, आणलं तेव्हापासून. डॉक्टरांनी आठ सांगितलेत, मी आठलाच घेतो. आधी ते दहा मिनिटं थांबायचं, तेवढ्यात भागायचं. हल्ली मी जाईपर्यंत दार लावून घेतं. मग मी डॉक्टरांच्या बाटलीतली घेतो."

बाईंनी फोन काढला. कालचा फोटो उघडला. लाल ठिपक्यांपुढे बारीक करड्या अक्षरांत वेळ होती. सात एकोणसाठ. सात अठ्ठावन्न. सगळ्या अठरा खुणा आठ वाजायच्या आधीच्या. आठच्या गोळीची चूक आठच्या आधीच कशी घडेल, हा प्रश्न त्यांच्या वर्गातल्या कुठल्याही पोरीनं विचारला असता. आणि ओळीनं अठरा? खरोखर विसरणारा माणूस एखाद्या वेळी तरी चुकून घेतो.

"बाबा, हे पहिल्या आठवड्यातच का नाही सांगितलंत?"

बाबा जरा संकोचले. टेबलाच्या खणातून त्यांनी दुरुस्तीची वही काढली आणि शेवटचं लिहिलेलं पान पुढे केलं. वळणदार अक्षरात तिथे लिहिलं होतं: "गोळ्यांचं यंत्र. रोज १२ सेकंद पुढे. गिऱ्हाईक: मुलं." खाली ओळीनं तारखा, प्रत्येक तारखेपुढे दोन वेळा आठ.

"आमच्या धंद्यात एक रीत आहे, चिमे. माणसाच्या हातातलं घड्याळ चुकतंय असं दिसलं तरी आपण होऊन सांगायचं नाही. कुणी दिलेलं असतं, कुणाची आठवण असते. तो काढून टेबलावर ठेवेल, बघा म्हणेल, तेव्हा उघडायचं. तुम्ही दोघांनी एवढ्या हौसेनं आणलेलं. मी कसं नाव ठेवू?"

"आणि या तारखा?"

"त्या आठवडाभरापासून लिहितोय." बाबांनी वही मिटली. "तुम्ही दोघं इतक्या खात्रीनं सांगायला लागलात की मीच घाबरलो. म्हटलं, माझंच चुकत असेल."

हे वाक्य बाईंनी तीस वर्षांत किती जणांच्या तोंडून टिपून घेतलं होतं. त्यांनी हात मोकळे केले आणि बाबांचा हात नुसता हातात घेतला. काही दाखवायला नाही, काही शिकवायला नाही.

फोन वाजला. धाकटा. "ताई, परत आली लाल खूण! तू तिथेच आहेस ना? काय करतायत ते?"

"इथेच बसलेत," बाई म्हणाल्या. "आठ वाजायची वाट बघतायत. तुझ्या घड्याळात किती झाले रे?"

"सात अठ्ठावन्न," पलीकडून उत्तर आलं. "म्हणजे... आठ वाजलेच नाहीत?"

रविवारी धाकटा आला. बाईंनी त्याला खालीच, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, काय करायचं ते सांगून ठेवलं होतं. वर येऊन त्यानं कपाटावरचं यंत्र उचललं, कामाच्या टेबलावर ठेवलं आणि गिऱ्हाइकासारखा समोर उभा राहिला. "बाबा, जरा बघता का? पुढं पळतंय म्हणतात."

"बघू की!" बाबांनी डोळ्याला भिंग लावलं. पाच वर्षांनी लहान झाल्यासारखा त्यांचा आवाज आला. "बॅटरीचा उजेड धर तू. नीट धर, हलवू नको. लहानपणीही असाच हलवायचास." झाकण निघालं. "हं. घाईघाईत जोडलंय कुणीतरी. आतला तुकडा बदलायला हवा, तो माझ्याकडे नाही. पण दर रविवारी मागं सारत गेलो की झालं. तुमची हरकत नसेल तर."

"हरकत कसली, बाबा," धाकटा म्हणाला. बॅटरी बाईंच्या हातात देऊन तो गॅलरीत गेला आणि फोन लावला. दार उघडंच होतं. "नमस्कार, ती खोली... नाही, नको. हो, नक्की नको."

बाबांनी भिंग काढलं. "कुणाची खोली?"

काहीतरी थातुरमातुर सांगता आलं असतं. बाईंनी सांगितलं नाही. "तुमच्यासाठी बघितली होती. काल मी तेच सांगायला आले होते."

बाबांनी उघड्या यंत्राकडे पाहिलं. चिमटा उचलला, ठेवला.

"रागावलात?"

"रागावलो तर खरा." बाबांनी यंत्राचं झाकण बसवलं, अंगठ्यानं दाबून बघितलं. "पुढच्या वेळी काही ठरवायचं असलं ना, तर आधी अशीच येऊन बस. कालच्यासारखी. चहा मी करीन."

"बसेन."

"आणि यालाही शिकव," गॅलरीकडे मान करत बाबा म्हणाले. "याला गप्प बसवत नाही मिनिटभर."

"मला ऐकू येतंय, बाबा!" बाहेरून आवाज आला.

"येऊ दे," बाबा म्हणाले. "ऐकण्यासारखंच बोलतोय मी."