चार ऑक्टोबरची फुलं

अकोल्याच्या सरकारी कापूस फार्मावर देवमन फुलांची लग्नं लावी. दुपारी उद्या उमलणारी कळी हेरायची, नखानं पाकळ्या सोलून आतले पुंकेसर काढून टाकायचे, वर कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्याचा पराग तिच्यावर फिरवायचा आणि देठाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर मादी वाण, नर वाण आणि तारीख. हंगामात रोज दीडशे लग्नं लागत आणि एकाचीही तारीख चुकत नसे. खुद्द देवमनच्या लग्नाला मात्र दीड वर्षापासून तारीख मिळत नव्हती.

मुलगी ठरली होती. नांदगाव खंडेश्वरच्या मोतीरामची मैना. तिथल्याच शाळेत मास्तरीण. अडचण कुणाचीच नव्हती, हीच अडचण होती. छप्पन साली दोन्ही घरांनी धम्म घेतला तेव्हा पंचांगही सुटलं. मोतीराम चारचौघांत अभिमानानं सांगे, "आपल्याले मुहूर्त लागत नाई. कोनताबी दिवस चांगला." सगळेच दिवस चांगले निघाल्यामुळे त्यातला एक निवडायचा कोणी, हे ठरेना. देवमनची आई पार्बताबाई म्हणे, "आपुन काहून विचारायचं? पोरीवाल्यायनं सांगावं." पूर्वी पंचांगवाला एक तारीख सांगून मोकळा होई आणि कोणत्याच घराला नमतं घ्यावं लागत नसे. आता तेवढी सोय राहिली नव्हती.

एकोणसाठच्या चार ऑक्टोबरला, रविवारी, देवमन नांदगावला जाऊन आला. निमित्त होतं मोतीरामला सुधारलेलं बी दाखवण्याचं. अंगणात बाजेवर मोतीराम बसला, बाजेच्या या टोकाला देवमन, आणि दारात मैनाची आत्या चतुराबाई तांदूळ निवडत. मैना सीताफळं घेऊन आली. तिच्या अंगठ्याला खडूची पांढरी भुकटी होती, रविवार असूनही. दोन तासांत देवमन कपाशीच्या तीन वाणांबद्दल सविस्तर बोलला.

मोटारीपर्यंत पोचवायला मैना आली, अर्थात चतुराबाईसकट. मोटार सुरू झाली तेव्हा मैना खिडकीशी येऊन म्हणाली, "तुमी रोज इतक्या फुलायले तारखा देता. आपल्याले एक नाई भेटत?"

यावर देवमनला फार चांगलं उत्तर सुचलं. ते बडनेऱ्याला, गाडी बदलताना.

सोमवारी तो फार्मावर आला, निदान हजेरीवर तशी नोंद आहे. रविवारच्या पाळीवाल्यानं कळ्यांना टोप्या घालून ठेवल्या होत्या. कपाशी छातीपर्यंत आली होती. ओळीत शिरलं की बाहेरचं जग वरून फक्त निळं दिसे. तो टोपी उचली, पराग फिरवी, चिठ्ठी बांधी, आणि या सगळ्यात नांदगावच्या त्या बाजेवर बसलेला असे. साडेदहाला नांदगावची शाळा भरते हे त्याला माहीत होतं. साडेदहाला त्याचा हात आपोआप थांबे, कारण तिकडे प्रार्थना चालू असणार. फुलाच्या पिवळ्या घशात बघताना त्याला सीताफळ फोडणारी बोटं दिसत. दूरवर बडनेऱ्याकडे जाणारी गाडी शिटी देई आणि तो तीत बसून थोडा पुढे जाऊन येई. मंगळवार असाच गेला, बुधवार गेला. वाऱ्यानं पानं हलत आणि 'आपल्याले एक नाई भेटत?' असं कुणीतरी शेजारच्या ओळीतून म्हणे. तो वाकून बघे. तिकडे कपाशीच असे.

गुरुवारी मुकादम खुशालराव ओळी तपासत आले. जातीनं माळी, चाळीस वर्षं फुलांत गेलेली. त्यांनी एक चिठ्ठी चष्म्याजवळ धरली.

"देवमन, आज तारीख कोनती?"

"आठ."

"अन् इथं चार काहून हाये?"

देवमननं पुढची चिठ्ठी पाहिली. मागची पाहिली. सोमवारपासूनच्या सहाशे चिठ्ठ्यांवर, सुरेख अक्षरात, चार ऑक्टोबर होती.

"चारले इतवार होता," खुशालराव म्हणाले. "तुह्या सुट्टीच्या दिवशी सहाशे लग्नं लावले तू?"

"नांदगावले गेलो होतो."

"तू गेलता. हे फुलं गेलते का?"

खुशालरावांनी चष्मा काढून पुसला.

"सोयरीक होऊन किती दिस झाले?"

"दीड वर्स."

"तारीख?"

"ते लोकं सांगतीन."

"अन् ते का म्हनत असतीन?"

हा विचार देवमनला दीड वर्षात शिवला नव्हता. "तेबी हेच म्हनत असतीन."

"मंग कोनीतरी चिठ्ठी बांध ना लेका. फुलं सोता बांधून घेत नाईत."

कोणत्या दिवशी कोणती ओळ झाली हे वहीत होतं, म्हणून फुलं वाचली. दिवस मावळेपर्यंत देवमननं सहाशे तारखा दुरुस्त केल्या. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं आणि उभ्यानंच मोतीरामला लिहिलं : बावीस नोव्हेंबर, रविवार, आम्हाला चालतो, कळवावे. नवऱ्या मुलानं स्वतःच तारीख लिहिणं हे जुन्या रीतीत बसत नव्हतं. नव्या रीतीत बसतं की नाही, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. पार्बताबाईला त्यानं कार्ड टाकल्यावर सांगितलं. दोन दिवस ती ताट वाढून पाठ फिरवी. तिसऱ्या दिवशी, किती मानसं येतीन, असं भिंतीला विचारू लागली.

मोतीरामला वाचता येत नव्हतं. म्हणजे ते कार्ड अंगणात मैनानंच मोठ्यानं वाचलं असणार, आणि उत्तरही तिनंच लिहिलं. ते आठव्या दिवशी फार्माच्या पत्त्यावर आलं. अक्षर गोल, फळ्यावरचं :

"बाबा म्हनतात बावीस चालते. आमाले वाटलं तुमचीच तयारी नाई. मी म्हनलं एक नोव्हेंबर, तोबी इतवारच हाये. बाबा म्हनले, तुले जे ल्हेयाचं ते ल्हे. म्हनून एक ल्हेयलं."

देवमननं कार्ड दोनदा वाचलं. मग ओळीतून बाहेर येऊन तो रजेचा अर्ज कसा लिहितात ते विचारायला ऑफिसकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेत, एक तारीख आता फक्त पंधरा दिवसांवर आली आहे हे लक्षात येऊन, आधी घराकडे वळला.