खरतुडीची सोयरीक

गवतावर पाय पडला म्हणून गवताची माफी मागणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे दाजी बेळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. लोकांचे दाजी सासुरवाडीला आले की गादीवर रेलतात आणि मटणाचा वास कधी येतोय याची वाट बघतात. आमचे दाजी निपाणीला आले की पिशवी उंबऱ्यावर टाकून थेट गोठ्यात जायचे आणि म्हशीच्या पुढ्यातली गवताची पेंढी सोडून बसायचे. "हा पवना, ही कुसळी, आणि ही... अरे, ही कुठल्या माळावरची रं?" म्हैस बिचारी मान वर करून ताटकळत उभी. आई चहा ओतता ओतता पुटपुटायची, "आक्काचं नशीब बघा. जावई आलाय, पर म्हशीकडं."

आक्काच्या घरी वर्तमानपत्र आलं की ते आधी गवताचं व्हायचं. दाजी ताज्या पेपरात काड्या-पानं पसरायचे, घडी घालायचे आणि वाळवण्यासाठी गादीखाली सरकवायचे. महिनाभरानं पानं वाळली की पेपर मोकळा व्हायचा आणि मग दाजी तो सावकाश वाचायचे. एकदा दिल्लीतलं सरकार पडून नवं येऊन स्थिरस्थावर झालं, आणि दाजी जेवताना घास हातात धरून म्हणाले, "अरे, सरकार डळमळतंय म्हणे!" आक्कानं कपाळावर हात मारला नाही, कारण दोन्ही हात भाकरीच्या पिठात होते.

माझ्यासाठी मुलगी बघायला काकतीला गेलो, तेव्हाही वडीलधारे म्हणून दाजीच बरोबर. मुलगी पोह्यांच्या बश्या ठेवून बसली. "विचारा की काहीतरी," मुलीचे मामा म्हणाले. दाजींनी घसा साफ केला. "तुमच्या गाईला गवत कुठनं आणता?" माझे कान गरम झाले. पण मुलगी शांतपणे म्हणाली, "डोंगराच्या उतरणीवरनं. तिथलं लवकर कुसळ धरत न्हाय." दाजींनी माझ्याकडं वळून जाहीर केलं, "हो म्हण." मी हो म्हटलं. आजवर पस्तावलो नाही, हे इथं नोंदवून ठेवतो, नाहीतर घरी जेवण मिळायचं नाही.

वयाच्या चाळिशीत दाजींनी पीएच.डी. करायला काढली. विषय असा, की माळाचे तुकडे पडले तर माळावरच्या झाडांचं काय होतं. हे ऐकून आमचे मामा म्हणाले होते, "काय व्हायचंय? झाडं हाईत तिथंच ऱ्हात्यात. त्यांस्नी काय पाय हाईत?" त्याच सुमारास मी जुनी स्कूटर घेतली, ही माझी चूक. संकेश्वरच्या अलीकडं पीबी रोडपासून आत एका गावाचा माळ दाजींनी निवडला होता. माझे सगळे रविवार तिथं गेले.

एका बाजूला मोठा माळ, दुसऱ्या बाजूला छोटा तुकडा. पूर्वी सगळं एकच होतं. मधली पट्टी पंचायतीनं कुणाला तरी नांगरायला दिली, मग ती तशीच उजाड पडली. दोन्हीकडं खरतुडी उगवायची. वीतभर झाड, आणि भाद्रपदात त्याला हिरवट कंदिलासारखं फूल. इवलीशी माशी त्यात शिरते, दिवसभर आत कोंडून राहते आणि सुटली की पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडं जाते. मोठ्या माळावर फुलांना शेंगा धरायच्या. छोट्या तुकड्यात फुलं यायची, पण तीन वर्षं शेंग एकही नाही. दाजी म्हणायचे, "माशी एवढीशी. उघड्या रानातनं ती पलीकडं जात नाही. आहेत ती झाडं म्हातारी होऊन मरतील, आणि संपलं." हे सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा, की मला स्कूटरचा हॉर्न वाजवून विषय बदलावा लागायचा.

मोजणीसाठी दाजींनी छोट्या तुकड्यात खुंट्या ठोकून, लाल दोरी बांधून चौकोन आखले. पुढच्या खेपेला पाहतो तो एका चौकोनात चार झाडांची एकदम एकोणीस झाली होती! दाजींनी आनंदानं मला मिठी मारली आणि त्याच दिवशी धारवाडच्या गाइडांना पत्र टाकलं. आठवड्यानं मी नीट पाहिलं. चौकोन चौकोनच राहिला नव्हता. एक टोक उत्तरेला ताणलेलं, दुसरं दक्षिणेला. त्याची चांगली लांबडी करंजी झाली होती.

पंचायतीचे चेअरमन, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे, खाली मान घालून कबूल झाले. "सायेब, आमाला वाटलं तुमी शीव मारायला आलाय. ह्या राज्याची आन त्या राज्याची. मग म्हटलं, गाव रेघेच्या बरोबर बाजूला याय नको व्हय?"

"कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"तितंच घोळ झाला न्हवं. आमी खुंट्या वर सरकवल्या. आन खालच्या गल्लीनं आमाला न सांगता खाली सरकवल्या."

मी हसून हसून खाली बसलो. दाजी हसले नाहीत. कारण त्याच दमात आप्पा म्हणाले होते, "आता तुमचं मोजायचं काय ते उरकून घ्या. मधल्या पट्टीत ह्या पावसाळ्यात नीलगिरी लागनार हाय. खड्डं काढून झाल्यात." नीलगिरीखाली गवत उभं राहत नाही. म्हणजे दोन्ही माळ कायमचे तुटले.

दाजींनी गाव जमवायला लावलं. देवळापुढं साठ-सत्तर माणसं बसली, आणि दाजींनी पुस्तकी मराठीत पंधरा मिनिटं अधिवास, परागीभवन आणि विखंडन समजावलं. माणसं तंबाखू मळत आदरानं ऐकत होती. कुणाला ओ की ठो कळलं नव्हतं. दाजींच्या सदऱ्याला घामानं ठिगळ पडलं होतं. शेवटी माळाचं गवत कापणारी गौराक्का म्हणाली, "सायेब, ते सगळं ऱ्हाऊ द्या. त्या झाडाला झालंय काय, तेवढं सांगा."

दाजींनी घाम पुसला. मग म्हणाले, "सोयरीक बंद झालीया, आक्का. मधली वाट मोडली. हिकडच्याला तिकडचं कोण भेटत न्हाय."

देवळापुढं तंबाखू मळणारे हात थांबले. त्या गावात एक घर असं नव्हतं, की ज्याची लेक रेघेपलीकडं कागल-गडहिंग्लजकडं दिलेली नाही किंवा सून तिकडची नाही. गौराक्काची थोरली कागलला. ती पदर सावरत उठली आणि आप्पांना म्हणाली, "नीलगिरी तुमच्या दारात लावा. पट्टी सोडा."

"तीन वर्सं सोडतो," आप्पा म्हणाले. "पर गवत आमी कापनार."

"शेंगा पिकल्या की, दिवाळीनंतर कापा," दाजी म्हणाले.

पहिल्या वर्षी पट्टीत नुसतं तण आलं. दुसऱ्या वर्षी कुसळी. तिसऱ्या वर्षी पवना गुडघ्याला लागला, आणि दसरा झाल्यावर आम्ही गेलो तर गौराक्का छोट्या तुकड्यात उकिडवी बसून हाका मारत होती. तिच्या पुढ्यात खरतुडीला एकच जोडशेंग धरली होती, कोकराच्या शिंगांसारखी. एक बाजू उकलत आली होती आणि आत रेशमी झुबका दिसत होता.

गाइडांनी बजावलं होतं, शेंग आणून दाखवल्याशिवाय प्रबंध मान्य करणार नाही. दाजींनी खिशातनं पाकीट काढलं, हात पुढं केला आणि तसाच थांबवला.

"घ्या की दाजी," मी म्हटलं. "सहा वर्षं घातलीत."

"एकच आहे रं," ते म्हणाले. पाकीट पुन्हा खिशात गेलं. त्यांनी वहीत शेंगेचं चित्र काढलं, खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली आणि गौराक्काचा अंगठा. वनस्पतिशास्त्राच्या वहीत अंगठा पाहून गाइड कडाडले आणि पदवी दोन वर्षं लांबली. आक्का महिनाभर धुमसत होती. दाजी मात्र त्या दिवशी बिया वाऱ्यावर सुटेपर्यंत तिथंच बसून राहिले, आणि घाई करायचं माझ्याही जिवावर आलं.

पुढच्या भाद्रपदात तुकड्यात नवी रोपं दाजींनी सात मोजली, मीही सातच. गौराक्कानं आठ. आठवं तिनं गवत बाजूला करून दाखवलं, दोन पानांचं. पट्टी नंतर कुणी मागितली नाही.

दाजी आता नाहीत. मी अजून भाद्रपदात तिथं जातो, जपून पाय टाकतो आणि मोजत बसतो. यंदा पट्टीतसुद्धा कंदील लागले होते. मोजता मोजता ऊन कललं, तरी तुकडा पुरा होईना. फार वाटलं, दाजी हवे होते.